पावलावरची फुली

९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

एखादी गोष्ट मला नर्स म्हणून कळली असेल, तर ती बहीण म्हणून सांगायची की नाही? कालपासून हाच प्रश्न घेऊन फिरते आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. परीक्षेत आला असता तर पानभर लिहिलं असतं. पेशंटचा विश्वास, नर्सचं कर्तव्य, खाली दोन रेघा. मार्कही मिळाले असते.

अण्णा आमच्या वॉर्डात आहेत. खाट नंबर सात. बघ, एवढं लिहिलं आणि नियम मोडून बसले. म्हणून हे पत्र लगेच टाकणार नाही. युनिफॉर्मच्या कपाटात ठेवते. पत्रच का, तर फोन तू उचलत नाहीस, आणि मेसेज वाचल्याच्या दोन खुणा तेवढ्या येतात. पत्र फाडायचं असलं तरी माणूस आधी उघडून बघतो.

रविवारी मी डबा घेऊन दुकानात गेले, तर अण्णा शिलाई मशीनवर डोकं ठेवून झोपले होते. उजव्या पायातला मोजा निघाला होता. महिनाभर ते 'बूट चावला' म्हणत होते. बूट चावून अंगठा काळा पडत नाही, दादा. मी वर्षभर लोकांचे पायच बघते आहे. हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे पेशंट एकाच वॉर्डात असतात आमच्याकडे. अर्ध्या खाटांवर छातीवर हात ठेवलेली माणसं, अर्ध्यांवर पाय उशीवर ठेवलेली. तो अंगठा बघितल्याबरोबर मला कळलं. पायाला रक्त पोचत नव्हतं. सिगारेटचं मी बोलत नाही. तू बोलून थकलास, आई बोलत बोलत गेली.

ते ऐकेनात. मी म्हटलं, "अण्णा, पदवी भिंतीवर लावलीत ना? मग एकदा तिचं ऐका." ती फ्रेम कुठे लावली आहे ते तुला माहीत नसेल. कपडे घालून बघायच्या खोलीत, आरशाच्या वर. गिऱ्हाईक शर्टाचं बटण लावता लावता माझी पदवी वाचतं. "घरात पहिलीच ग्रॅज्युएट," अण्णा पडद्याबाहेरून सांगतात, "बाही कशी बसली?"

भरती करताना इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "सात नंबर दुसऱ्या कुणाला देते. आपल्या माणसाची नर्स आपण होऊ नये." मी हट्ट केला. माझ्याइतकी काळजी दुसरं कोण घेणार, असं म्हटलं. माणसं कमी होती. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि मान हलवली.

मग मी अण्णांना तेच विचारलं, जे सगळ्यांना विचारते.

"चालताना पोटरीत गोळा येतो?"

"येतो."

"थांबल्यावर जातो?"

"जातो, म्हणून तर थांबतो."

"कुठे थांबता?"

"दुकानांसमोर. शिंपी काचेतल्या कपड्यांकडे बघत उभा राहिला तर कोण विचारतंय?"

दादा, तुला आठवतं? आपण कुठेही निघालो की ते दर चार दुकानांनी काचेपाशी रेंगाळायचे. तू चिडायचास. "अण्णा, तुम्ही गिऱ्हाईक आहात की परीक्षक?" ते म्हणायचे, "खांदा बघ कसा पडलाय." आणि आपण दोघं पुढे जाऊन, पाय आपटत त्यांची वाट बघायचो.

मी पुढचा प्रश्न विचारला. कधीपासून? त्यावर ते जे म्हणाले ते मी इथे लिहिणार नाही. तुझ्या दुकानाच्या उद्घाटनाबद्दल होतं, एवढंच. बोलून झाल्यावर म्हणाले, "आता हे नर्सला सांगितलं. मुलीला नाही. पेशंटचं बोलणं बाहेर काढायचं नसतं, हे तूच मला जेवताना ऐकवत होतीस. बरोबर ना, ग्रॅज्युएट? त्याला कळवायचं नाही. जिन्याचं नाही आणि पायाचंही नाही."

माझंच बोलणं माझ्या गळ्यात घातलं.

उद्घाटनाचं तुझं म्हणणं मला पाठ आहे. तू त्यांना सांगितलं होतंस, रिबीन तुमच्याच कात्रीनं कापायची. लोक जमले, तिसऱ्या मजल्यावर उभं राहायला जागा नव्हती. तू खिडकीतून वाकून बघितलंस तर अण्णा खाली. हातात पिशवी, समोरच्या दुकानाच्या काचेत बघत उभे. त्यांनी वर बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि पाठ फिरवून चालू लागले. शेवटी तुझ्या गल्ल्यावरची कागद कापायची कात्री घेऊन मी रिबीन कापली. दोनदा घसरली. त्या दिवशी तू म्हणालास, "शिंप्याच्या मुलानं तयार कपडे विकले याची त्यांना लाज वाटली. वाटू दे." त्यानंतर तू शहर सोडलंस, दुकानही तिकडे नेलंस, आणि चार वर्षं झाली.

मीही तेच समजत होते. परवापर्यंत.

तुझी,
धाकटी

१२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

ऑपरेशन झालं. पायातली बंद पडलेली रक्तवाहिनी तशीच ठेवून, तिच्या शेजारून दुसरी जोडून दिली. जोडायला त्यांच्याच मांडीतली शीर काढली. अण्णांना हे फार पटलं. "म्हणजे अंगच्याच कापडाचं ठिगळ," म्हणाले. "हुशार आहे तुमचा डॉक्टर. पण टाके लांब टाकलेत."

डॉक्टर समोरच होते. तरुण आहेत. त्यांनी वाकून टाक्यांकडे परत बघितलं. खरंच.

आठ नंबरला एक बस ड्रायव्हर आहेत. गाडी चालवतानाच छातीत कळ आली, तरी गाडी बाजूला लावून, सगळी माणसं उतरवून मग आडवे झाले. हे ते दिवसातून तीनदा सांगतात. अण्णांची आणि त्यांची जुंपते.

"मास्तर, तुमच्या पायाला बायपास, माझ्या छातीला बायपास. तुमचा रस्ता लांबचा."

"लांबचा असला तरी आम्ही खडूची रेघ बघून चालवतो. तुम्ही माणसांवर घालता."

"तुमची लेक आली बघा. गप्प बसा, सुई टोचेल."

मी मुद्दाम सगळं लिहिते आहे, कारण आज मी आनंदात आहे. ऑपरेशननंतर आम्ही तासातासाला पाऊल बघतो. रंग कसा आहे, गरम आहे का, आणि मुख्य म्हणजे नाडी. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, एक बारीक ठोका असतो. सापडायला कठीण. म्हणून सापडला की तिथे पेनानं फुली मारून ठेवतात, पुढच्या पाळीच्या सिस्टरला शोधत बसायला नको. मी फुली मारायला लागले तर अण्णा ओरडले, "पेन कशाला? खडूनं खूण करावी. पेनाचा डाग जात नाही."

"पाय आहे अण्णा, सुटाचं कापड नाही."

"माप घेऊन ठेवलंय तर नीट शिव म्हणजे झालं."

दादा, मला ठोका लागला. बोटांखाली, अगदी स्पष्ट, टप टप टप. चार वर्षं पुस्तकात जे वाचलं, ते माझ्या बापाच्या पावलात माझ्या हाताला लागलं. मला रडूच आलं. अण्णा माझ्याकडे बघत होते. "आहे का गं?" मी म्हटलं, "आहे. छान आहे." मग ते उशीवर डोकं टेकून छताकडे बघत राहिले.

तुझ्याबद्दल आज पुन्हा विचारलं. म्हटलं, आता तरी कळवू दे. तर म्हणाले, "आत्ता कळवलंस तर तो पायाला भेटायला येईल. मला नाही."

यावर काय बोलणार? तू सांग.

तुझी,
धाकटी

१३ ऑक्टोबर

दादा,

कालचं पत्र खोटं आहे. मी खोटं लिहिलं नव्हतं, तरी खोटं आहे.

आज दुपारी इन्चार्ज सिस्टर राउंडला आल्या. त्या फार बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "सात नंबर, नाडी?" मी म्हटलं, "आहे. चांगली लागते." दर तासाला मला लागतच होती. मी फुलीवर बोटं ठेवायची आणि ती लागायची.

त्यांनी हाताची मागची बाजू पावलाला लावली. मग दुसऱ्या पावलाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एक हात फुलीवर ठेव. दुसरा स्वतःच्या गळ्यावर."

ठेवला.

"आता सांग."

दोन्हीकडे एकाच वेळी ठोका पडत होता. एकाच वेळी, दादा. भरभर, घाबरल्यासारखा. अण्णांच्या मनगटावरची नाडी संथ होती, ती तर मी थोड्या वेळापूर्वीच मोजली होती. एवढं साधं मला दिसलं नाही. माझ्या बोटांच्या टोकाशी माझाच ठोका होता. जोरात दाबलं की स्वतःचीच नाडी लागते, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. तेव्हा आम्ही हसलो होतो. असं कसं कोणी चुकेल म्हणून.

"नवीन मुली करतात ही चूक," त्या हळूच म्हणाल्या. "आणि ज्यांना ती नाडी हवीच असते, त्या."

त्यांनी आवाज ऐकायचं छोटं मशीन आणलं. ते पायावर धरलं की रक्त वाहतंय तिथे वाऱ्यासारखा आवाज येतो. डाव्या पावलावर आला. उजव्या पावलावर, माझ्या फुलीवर, नुसती खरखर. मग धावपळ सुरू झाली. डॉक्टर आले, खाट चाकांवर निघाली. जोडलेल्या शिरेत गुठळी झाली होती.

खाट दारातून जाताना ड्रायव्हरकाका उठून बसले होते. त्यांना उठायची परवानगी नाही. मला म्हणाले, "पोरी, चूक माझीही आहे. सकाळपासून मास्तरांच्या पायाला मुंग्या येत होत्या. गारही पडला होता. मी म्हटलं सिस्टरला सांगा. तर म्हणाले, 'सांगू नका. तिला ठोका लागतोय, खूश आहे ती. तिला चुकीचं कसं ठरवू?'"

दादा, त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलं की पोट सुटलंय, माप वाढलंय. माझ्यासमोर मात्र पाय गार पडत असताना गप्प राहिले, कारण मी ग्रॅज्युएट आहे.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टर आले. "सात नंबरचे नातेवाईक कोण?"

मी उभी राहिले.

"सिस्टर, तुम्ही नाही. घरचं कोणी?"

"मीच. घरचीच आहे."

त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी मला तसंच सांगितलं, जसं आपण नातेवाइकांना सांगतो, सावकाश, सोपे शब्द निवडून. गुठळी काढली. रक्त पुन्हा सुरू झालं आहे. पण पाऊल बराच वेळ रक्ताशिवाय राहिलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जाईल. बाकीचं पाऊल वाचतं की घोट्याच्या वरून पाय काढावा लागतो, ते आठवडाभरात कळेल. "धीर धरा," म्हणाले. मी हेच वाक्य रोज लोकांना सांगते. ऐकताना ते कसं लागतं, हे मला आज कळलं.

पाय गेला तर ते मशीनवर कसे बसतील? मोटार लावली तरी दाबायला पाऊल लागतंच.

तुझी,
धाकटी

१७ ऑक्टोबर

प्रिय दादा,

मी सात नंबर सोडला. माझी चूक लिहून दिली आणि अण्णांची खाट दुसऱ्या सिस्टरकडे द्या म्हणून मागून घेतलं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "तू मागितलं नसतंस तर मी काढून घेणार होते. आधी मागितलंस, बरं झालं." मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. चौकशी होईल, जे काय व्हायचं ते होईल. ते मी निस्तरीन.

आता मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असते. अण्णांकडे भेटायच्या वेळेत जाते, साध्या कपड्यांत, बाकीच्या नातेवाइकांबरोबर दारात उभी राहून. पहिल्या दिवशी स्टुलावर बसले तर बघतच राहिले.

"हे काय घातलंयस? खांदा उतरलाय."

"तयार घेतलेला आहे."

"कुठून?"

"दादाच्या दुकानातला. उद्घाटनाच्या दिवशी त्यानं दिला होता."

अण्णांनी हात लांब करून बाहीची शिवण दोन बोटांत धरली. आतून उलटून बघितली. "शिलाई बरी आहे," म्हणाले. "तयार कपडा कुणाच्याच मापाचा नसतो. म्हणून तर सगळ्यांना होतो."

ड्रायव्हरकाकांनी तोंडावर पेपर धरला, पण त्यांचे कान इकडेच होते.

मी म्हटलं, "अण्णा, मी आता तुमची नर्स नाही. मुलगी म्हणून विचारते. त्या दिवशी जिन्याखालून परत का गेलात?"

"तुला माहीत आहे."

"नर्सला माहीत आहे. मला नाही."

त्यांनी चादरीचं दुमडलेलं टोक सरळ केलं. पाय उशीवर, बोटांवर पट्टी. मग बोलले. दादा, आता जे लिहिते ते मुलीला सांगितलेलं आहे.

"पहिल्या वळणापर्यंत चढलो. तिथे पाय म्हणाला, बस्स. पायरीवर बसलो. वरून तुझा आवाज येत होता, 'अण्णा आले की कापू.' माणसं येत होती, मला ओलांडून वर जात होती. एक जण म्हणाला, 'आजोबा, बाजूला सरका.' मग खाली उतरलो. म्हटलं, समोरच्या काचेपाशी जरा उभं राहू, पाय मोकळा झाला की परत चढू. वर बघितलं तर हा खिडकीत. आता मी चढायला लागलो की हा जिन्यात येणार आणि मला पायरीवर बसलेला बघणार. म्हणून गेलो."

"मग नंतर सांगायचं ना!"

"काय सांगायचं? अडेल बाप असतो लोकांना. तो चालतो. जिन्यात बसलेला बाप कुणाला हवा असतो?"

"त्यानं चार वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या."

"घालू दे. दणकट माणसालाच घालतात."

मी रडले नाही. ठरवून गेले होते. म्हटलं, "मी त्याला लिहिणार आहे."

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "जिन्याचं लिही. आता लिहायला हरकत नाही. पायाचं लिहू नकोस."

"पायाचंही लिहिणार. डॉक्टरांनी ते मला बाकावर सांगितलं, नातेवाईक म्हणून. पाय तुमचा असेल, पण बाप त्याचाही आहे."

"मी नको म्हणतोय."

"ऐकलं मी. तरी लिहिणार आहे. विचारत नाही, सांगते आहे."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी आणखी एक विचारलं, उद्घाटनाला नेलेली कात्री त्याला पाठवू का म्हणून. त्यांनी उत्तर दिलं नाही. भेटायची वेळ संपली. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोललेले नाहीत. ड्रायव्हरकाका म्हणतात, मी गेल्यावर त्यांनी आरसा मागितला आणि दाढीवरून हात फिरवला. त्याचा अर्थ काय ते मला ठाऊक नाही. काकांना वाटतं त्यांना ठाऊक आहे. पण काकांना प्रत्येक गोष्टीचा शेवट गोड हवा असतो. छातीचं दुखणं आहे ना.

पायाचं अजून नक्की नाही. दोन बोटं काढली. पाऊल कोमट आहे, गरम नाही. परवा डॉक्टर ठरवणार. फुली पुसट झाली होती, नवीन सिस्टरनं ती पुसून दुसरीकडे मारली आहे, माझ्या फुलीपासून चांगली बोटभर लांब. तिथे खरा ठोका आहे म्हणतात. मी हात लावून बघितला नाही.

पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही येत नाही. त्या पत्रातलं निम्मं मी नर्स म्हणून ऐकलं होतं, ते पाठवणं बरोबर नाही. तरी चारही पत्रं एकाच पाकिटात घालते आहे. मधलं एखादं काढलं तर मी तुला शहाणी दिसेन, आणि तेवढ्यासाठी काढायला नको वाटतं. तू ये असं मी म्हणत नाही. आलास तर आमचा वॉर्ड चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बरेचदा बंद असते.

आणि एक. काल सकाळी मी दुकान उघडलं. त्या दिवशीची पिशवी अजून खुंटीलाच आहे. चार वर्षं अण्णा नव्या कात्रीनं कापड कापतात, रिबिनीसाठी नेलेली जुनी पिशवीतच राहिली. मी उघडून बघितली. उद्घाटनासाठी लावलेली धार तशीच आहे, मला बोटाला लागली. पिशवीसकट तिचं पार्सल केलं आणि तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवून दिलं. हे पत्र मिळेल त्याआधी ती पोचली असेल.

काउंटरवर पाठवणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा अण्णांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. तुला किती बरं वाटलं असतं. पण त्यांनी हो म्हटलेलं नाही, दादा. त्यांच्या पावलावर बोट ठेवून मी एकदा माझाच ठोका मोजला आहे. म्हणून पार्सलवर माझं नाव घातलं.

तुझी,
धाकटी